भोंगा तिच्या हातात राहू द्या

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, शाळेतला. कारखान्यात मला जोडलं, तेव्हा तपासणाऱ्या माणसानं माझ्यात नुसतं "हॅलो, हॅलो" केलं आणि मला पास केलं. पुढे ज्यांनी मला तोंडाला लावलं, त्यातल्या बऱ्याच जणांकडे त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नव्हतं.

शाळेत माझा थाट होता. मैदानावर मी नसलो तर पान हलायचं नाही. पण मला धरायचं ते सरांनी, नाहीतर वर्गातल्या दांडगोबांनी. मुलींच्या हाती मी यायचो तो फक्त पुसायला. बाकी वेळ कपाटात, हवा गेलेल्या फुटबॉलशेजारी.

मग एकदा मोठ्या सरांनी जाहीर केलं, "आग लागली तर शाळा कशी रिकामी करायची, याची तालीम यंदा मुलगी घेणार." निवड झाली सातवीतल्या टिल्लीची. अंगानं एवढीशी, पण आवाज असा की कावळे उडावेत.

घंटा झाली. टिल्लीनं बटण दाबलं. "सगळ्यांनी आधी..."

"थांब बाळ," मोठे सर म्हणाले, "दे इकडे, दाखवतो." आणि मुलींनी पुढे का यावं यावर ते बोलतच सुटले. टिल्ली मागे उभी.

खेळाच्या बाई शेवटी म्हणाल्या, "सर, आपण केव्हाच जळून खाक झालोय."

तेवढ्यात शाळा समितीवर असलेले टिल्लीचे बाबा पुढे आले. "पोरी, घसा बसेल तुझा. आण." बोलता बोलता सरांनी पाचवीला उजवीकडे पाठवलं होतं, बाबांनी सहावीला डावीकडून आणलं. दोन्ही रांगा एकमेकींत अशा घुसल्या की पाचवीची निम्मी मुलं सहावीत चढली. आठवी तर शिस्तीत पुन्हा वर्गात जाऊन बसली आणि आतून कडी लावली.

"बघा," कुणीतरी म्हणालं, "पोरींना नाही जमत."

टिल्लीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचे साहेब तालीम बघायला येणार होते. तेव्हाही फजिती झाली असती, तर मी पुन्हा दांडगोबांकडे गेलो असतो आणि तिच्यानंतरच्या मुलींनी मला नुसतं पुसलं असतं.

साहेब आले. टिल्लीनं बटण दाबलं आणि घाईत दोन वर्ग एकाच दारानं सोडले. दारात ही गर्दी. लगेच मोठ्या सरांचा हात आला, मागून बाबांचा.

खेळाच्या बाई मध्ये उभ्या राहिल्या. "हात मागे घ्या. तिनं घोळ घातलाय, तीच निस्तरेल."

"अहो, पण पोर घाबरलीय," बाबा म्हणाले.

"तुम्ही तिच्याहून जास्त घाबरलाय."

टिल्लीच्या हाताचा घाम मला जाणवत होता. पण तिनं मला सोडलं नाही. "आठवी, जागेवर थांबा. माझं चुकलं. आधी पाचवी बाहेर, मग तुम्ही." दार मोकळं झालं. रांगा सुतासारख्या सरळ निघाल्या. मग ती जरा थबकली. "आणि सर, तुम्ही दारात उभे आहात. रांगेत या."

मोठे सर गुपचूप पाचवीच्या मागे जाऊन उभे राहिले. पुढचा पोरगा हळूच म्हणाला, "सर, धक्का मारू नका."

साहेबांनी विचारलं, "दारात गर्दी कुणामुळे झाली?"

"माझ्यामुळे," टिल्ली म्हणाली.

"आणि सोडवली कुणी?"

"मीच."

साहेब हसले. "मग पुढच्या वेळी हिलाच ठेवा."

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या, सेल वेळेवर बदला. पण घरच्या नि शाळेतल्या मोठ्यांना माझा एक निरोप सांगा. मुलीच्या हाती भोंगा दिलात, की आपले हात खिशात घाला. ती अडखळेल. अडखळू द्या. पुढचं वाक्य तिचं तिला सुचतं, मी फार जवळून ऐकलंय.