यादीतला पहिला क्रमांक

अंधेरीच्या एमआयडीसीत एका खाण कंपनीची कचेरी होती. तिथे भीमराज मेश्राम नियोजनाचं काम बघायचा. सत्याऐंशी साली कंपनीच्या हातात अकरा कामं होती आणि अकराही अर्धवट. कुठे क्रशरचा पाया घालून तीन वर्षं झालेली, कुठे यंत्र ताडपत्रीखाली गंजत पडलेलं. पैसा सगळीकडे थोडाथोडा जायचा, म्हणून पुरा कुठेच पडायचा नाही.

भीमराजचं म्हणणं साधं होतं. सगळ्या कामांना एकच माप लावा, त्यातली चार नीट पूर्ण करा आणि बाकीची थांबवा. वर्षभर मागे लागून त्याने परवानगी काढली आणि खाणीखाणीवर जाऊन तक्ते भरून घेतले. किती खर्च, किती फायदा, अडचण काय. बहुतेक मॅनेजरांनी अडचणीचा रकाना कोराच सोडला.

वेंगुर्ल्याकडच्या लोहखनिजाच्या खाणीचे मॅनेजर काशीराम परब मात्र पेन हातात धरून बसले. खरं लिहिलं तर चालेल ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. भीमराजने त्यांना शब्द दिला, की खरं लिहिणाऱ्याचं नुकसान होणार नाही. परबांचा खनिज धुवायचा एक छोटा प्लांट अर्धवट पडला होता. माती मिसळलेल्या मालाचे ढीग वर्षानुवर्षं पडून होते, ते धुतले की विकले जाणार होते. त्यांनी लिहिलं, पावसाचे चार महिने काम बंद राहील, पुन्हा सुरू व्हायलाही वेळ लागेल, एकूण सहा महिने उशीर धरा. तेवढा उशीर धरूनही त्यांचं काम यादीत पहिलं आलं.

मीटिंगला मालक चंद्रप्रकाशसाहेब यादी आणि तक्ते घेऊन बसले. शेवटून पहिल्या कामाच्या मॅनेजरने मंत्र्याची चिठ्ठी आणली होती. दुसरा राजीनाम्याची भाषा करत होता. साहेबांना कुणालाच दुखवायचं नव्हतं, पण एखादं काम थांबवल्याचं कर्ज देणाऱ्या बँकेला दाखवायचं होतं. मग त्यांचं बोट परबांच्या तक्त्यावर थांबलं. इथे उशीर होणार असं मॅनेजर स्वतःच कबूल करतोय, ते म्हणाले, हेच थांबवा.

भीमराजने तोच उशीर धरून केलेलं गणित पुन्हा मांडलं, पण साहेबांनी पान उलटलं होतं.

ट्रंककॉल लावून परबांना कळवायचं काम त्याच्याच गळ्यात आलं.

"तुमी सांगलात म्हणान मी खरां लिवलंय," परब पलीकडून म्हणाले. "आता फुडच्या वर्साक काय लिवू, तांय तुमीच सांगा."

भीमराजने फोन ठेवला. त्याने फाइलवर दोन पानं विरोध नोंदवला. साहेबांनी खाली 'पाहिले' असं लिहून सही केली. मग त्याने वेंगुर्ल्याला बदली मागितली. परबांच्या हाताखाली काम करीन, पगार कमी झाला तरी चालेल, असंही लिहिलं.

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं, चहा मागवला.

"मेश्राम, तुमची यादी बँकवाल्यांना फार आवडली," ते म्हणाले. "तुम्ही तिकडे गेलात तर पुढच्या वर्षीची कोण करणार?"

आणि त्यांनी अर्ज त्याला परत दिला.