गारांचे खड्डे

आमच्या वन्संनी जन्मभर लोकांचे दात केले. एकतीस वर्षं त्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवत होत्या. केसाएवढी फट त्यांच्या बोटाला कळायची, डोळ्यांना कळायच्या आधी. त्या निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, अर्धांगाचा झटका आला.

हे ट्रकवर होते. सव्वीस वर्षं गाडी चालवली, त्यातली एकोणीस एकाच जोडीदाराबरोबर. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागच्या फळीवर झोपायचं. झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायची वेळ आली, बोलणं जरा जड झालं. डॉक्टर म्हणाले, प्रवासाला हरकत नाही, पण दर दोन तासांनी तासभर आडवं व्हायलाच हवं.

"कुठे आडवा होऊ? रस्त्याच्या मधोमध?" हे म्हणाले, आणि जे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते दोन वर्षं तिथेच.

जोडीदाराचा दर रविवारी फोन यायचा. तो दोन दिवसांच्या अंतरावर राहतो. त्याची नजर जात चालली होती, त्यामुळे त्याला येणं जमत नव्हतं. एका रविवारी तो म्हणाला, "वर्षअखेरपर्यंत जेमतेम दिसेल म्हणतात. तोंड दिसतंय तोवर येऊन जा." हे म्हणाले, "बघू," आणि फोन ठेवून दिला.

ते "बघू" वन्संनी स्वयंपाकघरातून ऐकलं. सोमवारी दारात टेंपो उभा राहिला. त्यात सामान ओढायच्या दोन चाकांच्या ट्रेलरचा जुना सांगाडा होता आणि गुलाबी फोमच्या जाड शीट्सची चळत.

"ह्याची फिरती खोली करायची," वन्सं म्हणाल्या. "शीट्स चिकटवून पेटी करायची, वरून सरस लावून जाड कापड चढवायचं, मग रंग. आत गादी. आपल्या गाडीच्या मागे जोडली की झालं. लोक करतात, मी बघितलंय."

"वन्सं, थर्माकोलचं घर?"

"थर्माकोल नव्हे गं. त्याचा थोरला भाऊ."

"आणि ओढणार कोण?"

"तुझ्याकडे लायसन्स आहे ना? की नुसतं पर्समध्ये मिरवायला काढलंयस?"

दाताएवढी वस्तू बिनचूक कापणाऱ्या बाईला माणसाएवढी शीट काही सरळ कापता येईना. करवत मध्येच वाट सोडायची. भिंती उभ्या केल्या तेव्हा मागच्या कोपऱ्यात माझी चार बोटं जातील एवढी फट होती आणि छताखालून आरपार उजेड दिसत होता. वन्संनी रुंद फटीत फोमच्या पट्ट्या कापून ठोकून बसवल्या आणि अरुंद फटीत डब्यातला फुगणारा फोम मारला. पहिल्यांदा तो एवढा मारला की सकाळी बघतो तर फोम पावासारखा फुगून दोन्हीकडून बाहेर आलेला आणि एक भिंत बोटभर बाहेर ढकललेली. त्यांनी ती भिंत सुटी केली, सगळं खरवडलं आणि पुन्हा भरलं. या खेपेला अर्धाच डबा.

हे खिडकीतून बघायचे. "पहिल्याच खड्ड्यात खिळखिळी होईल," म्हणायचे.

सगळे सांधे भरून झाले, बाहेरचा भाग घासून गुळगुळीत झाला आणि कापड चढवायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दुपारी गारा पडल्या.

बारा-पंधरा मिनिटांचाच खेळ. पण वाऱ्याने ताडपत्री उडाली ती थेट शेजाऱ्यांच्या छपरावर. वन्सं डोक्यावर बादली पालथी घालून अंगणात धावल्या, पण एक बाई आणि एक बादली काय काय झाकणार? गारा थांबल्या तेव्हा छत आणि एक बाजू देवी आलेल्या चेहऱ्यासारखी दिसत होती. काही खड्डे बोराएवढे, काही लिंबाएवढे.

मला वाटलं, आता वन्सं मटकन खाली बसतील. त्यांनी बादली ठेवली, पदराने फोम पुसला आणि आतून खडू आणला. एकेका खड्ड्याभोवती गोल काढत मोठ्याने मोजायला लागल्या. सावकाश, कसलीही घाई न करता.

"एकशे बारा," शेवटी त्या म्हणाल्या.

"तेरा," खिडकीतून आवाज आला. "दाराच्या वर एक राहिला."

वन्संनी मान वर केली. तिथे खरंच एक होता. त्यांनी त्याच्याभोवती गोल काढला. "तिथून एवढं दिसतंय तर खाली ये आणि भर."

"हात कुठेय मला?"

"डावा काय शोभेला ठेवलायस?"

ह्यांच्या हाताबद्दल घरात कोणी असं बोलत नसे.

"कवळीत मेण भरताना मीही एकाच हाताने भरायचे," वन्सं म्हणाल्या. "दुसरा हात फक्त साचा धरायला. इथे धरायचं काही नाहीच, भिंत आपली आपण उभी आहे."

ह्यांनी खिडकी लावून घेतली. पण सकाळी चहा झाल्यावर म्हणाले, "चपला कुठायत माझ्या?"

अंगणात वन्संनी आधीच स्टूल मांडून ठेवलं होतं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायच्या पत्तीच्या मुठीला त्यांनी चिंध्या गुंडाळून ती जाड केली होती, डाव्या हाताला पकड यावी म्हणून. "वरून थापू नकोस, आत दाब," त्या शिकवत होत्या. "मग पत्ती आडवी धरून एकदाच ओढ. वाळली की लांबी आक्रसते, म्हणून प्रत्येक खड्डा दोनदा भरायचा."

पहिले दहा-बारा खड्डे म्हणजे नुसता चिखल. लांबी खड्ड्यात कमी आणि शर्टावर जास्त. ह्यांनी पत्ती फेकली. वन्संनी ती उचलली, पुसली आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ह्यांनी फेकली नाही.

चौथ्या दिवशी ते मलाच शिकवायला लागले. "जोर काढू नकोस. फोम लांबीपेक्षा मऊ असतो. एकाच जागी घासलास तर गोळा तसाच राहील आणि भोवतीचा फोम झिजेल. पॉलिश पेपर लांबवर फिरव, हलक्या हाताने."

मला वाटलं आपणही काही हातभार लावावा. एका सांध्याखाली सरसाचा ओघळ वाळला होता. मी फडक्यावर थिनर घेतला आणि पुसला. बघता बघता गरम चहात साखर विरघळावी तसा फोम विरघळला. मूठ जाईल एवढं भगदाड पडलं, कडा काळपट, चिकट. मी तशीच फडकं धरून उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. एवढे दिवस त्या भावंडांनी केलेलं, आणि मी एका मिनिटात.

मागून विचित्र आवाज आला. मी घाबरून वळले तर हे हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांत पाणी. दोन वर्षांनी हसत होते.

"एकशे चौदा," ते म्हणाले. "ताई, गार पडली बघ. आमची घरचीच!"

मग स्वतः उठून, पाय ओढत आले. त्यांनी भगदाडाभोवती खडूने चौकोन आखला. "हे भरून भागणार नाही. खराब झालेलं सगळं कापून काढ, चांगल्या फोमपर्यंत. तेवढाच तुकडा कापून बसवू." मी कापलं, त्यांनी तुकडा लावून बघितला, दोनदा तासायला लावला आणि तिसऱ्यांदा डाव्या तळव्याने ठोकून बसवला.

कापड चढलं, रंगाचे तीन हात झाले. वन्संनी नळी लावून अर्धा तास पाणी मारलं, मला आत बसवून. मागच्या कोपऱ्यात एक थेंब आला. एकच. मी म्हणाले, "चालेल हो." वन्संनी तिथलं कापड टराटरा फाडलं. आणखी तीन दिवस गेले, पण पुढच्या वेळी मी कोरडी बाहेर आले.

निघालो त्या सकाळी स्टिअरिंगवर मी, शेजारी हे, मागच्या सीटवर वन्सं, अंगणातलं स्टूल आणि त्यांची लांबीची डबी. तासभर झाला नसेल, हे म्हणाले, "बाजूला घे. शिट्टी वाजतेय."

मला काही ऐकू येत नव्हतं, वन्संनाही नाही. तरी थांबवली. पुढच्या वरच्या कडेला कापडाचा जोड वीतभर सुटला होता आणि तिथून वारा आत शिरत होता. आणखी तासभर तसेच गेलो असतो तर छतच सोललं गेलं असतं. वन्संनी डबी उघडली, पत्ती काढली. ह्यांनी ती त्यांच्या हातातून घेतली.

"अरे, उंच आहे, मी करते," त्या म्हणाल्या.

"तू स्टूल धर."

शेजारून ट्रक धडधडत जात होते. स्टुलावर उभ्या नवऱ्याला मी कमरेला धरलं होतं, वन्संनी स्टूल. ह्यांनी फट भरली, पत्ती एकदाच ओढली, कापड दाबून वर चिकटपट्टी लावली. वाळेपर्यंत आत जाऊन झोपले. तासाने उठले आणि म्हणाले, "चल. आता नाही वाजणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. जोडीदार फाटकाशीच होता, मान तिरकी करून, कारण त्याला आता कडेनेच थोडं दिसायचं. हे उतरून समोर गेले. त्याने ह्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिला.

"म्हातारा झालास रे," तो म्हणाला.

"दिसतंय म्हणजे तुला," हे म्हणाले.

चार दिवस राहिलो. त्या वर्षाच्या शेवटी त्याची नजर गेली ती गेलीच. पण त्यानंतरही आम्ही दोनदा जाऊन आलो. आता ह्यांना पेटीला खिडकी हवी आहे. वन्संना ती डावीकडे कापायची आहे, ह्यांना उजवीकडे. दोघं सकाळपासून अंगणात भांडताहेत, आणि मी करवत घेऊन उभी आहे.