ऊन आणि वारा एकाच वेळी

वाराबाबाला पोलिसांनी धरलं आणि गावाला अक्कल आली. आता हे घडलंच नाही असं समजा. गावानंही तसंच समजलं आहे.

अठ्ठ्याहत्तर सालचा आषाढ. शिरपूरजवळच्या आमच्या गावात विजेचा खांब नव्हता, पण टेकडीवरच्या देवळापुढं बाबा होता आणि त्याच्याभोवती चार गावांची गर्दी. वारा सुटला की बाबाच्या मुठीतला बल्ब पेटायचा. ऊन पडलं की बाबा आशीर्वादाचा हात धरायचा आणि खालच्या ताटलीतला कापूर काडीवाचून पेट घ्यायचा. नोकरीला दोन देव, पगार एकट्या बाबाला.

त्यातच जानरावच्या सात वर्षांच्या बेबीला पिसाळलेलं कुत्रं चावलं.

"आजच्या आज वाशीमले ने," शाळेचे इंद्रभान गुरुजी म्हणाले. "आपल्या दवाखान्यात नाहीत, तिथं इंजेक्शनं हायेत."

"पोटात चौदा सुया टोचतेत म्हन्ते," बेबीची माय भागिरथा म्हणाली. "बाबा तं नुसता हात लावते."

बाबानं डोळे मिटले. "हे विष दोन देवाच्या सहीनं उतरते. सूर्य अन् वायू संगंच हजर पाह्यजेत. बल्ब अन् कापूर एका टायमाले पेटले की पोरीले हात लावतो."

"अन् नाही पेटले तं?" मी विचारलं.

"तुह्यासारखे गर्दीत असल्यावर कसे पेटतीन?"

मला घरी पाठवण्यात आलं. तरीही पेटले नाहीत.

आषाढातला वारा ढग घेऊनच यायचा. ढग हटले की पान हलायचं नाही. जानराव रोज पोरीला खांद्यावर घेऊन टेकडी चढायचा. बाबा म्हणायचा, "आज एकच साहेब आला. उद्या या." कचेरीची सवय असल्यामुळे कोणालाच यात वावगं वाटलं नाही.

मग एका सकाळी बेबी पाण्याचा पेला पाहून किंचाळली. दोन दिवसांनी गेली.

माती देऊन गुरुजी थेट टेकडीवर गेले. मागून जानराव, मागून आम्ही. गुरुजींनी बाबाची घोंगडी ओढली. खालून निघालेली तार देवळामागच्या झुडपात गेली होती. तिथं खांबावर सायकलचं चाक, त्याला डब्याच्या पत्र्याची पाती, चाकाला घासणारा डायनामो. बाबाच्या बोटांच्या फटीत भिंग सापडलं.

जानरावनं चाक हातानं फिरवलं. बल्ब पेटला.

"म्हंजे वीज खरी होती?"

"खरी होती. बाबा खोटा होता," गुरुजी म्हणाले. "आपल्याकडं वारा अन् ऊन पाळीपाळीनं येतात, हेच त्यायचं मोल हाय. वाऱ्याले पंखा लावा, उन्हाले वीज करनारी पाटी लावा, दोन्ही एका बॅटरीले जोडा. एक पडला तं दुसरा राबते, दवाखान्यातला दिवा इझत नाही. यानं दोघं संगंच मागतले. ते येत नाहीत, हे त्याले मालूम होतं."

"काहून नाही सांगतलं आधी?"

"सुया सांगतल्या होत्या, जानराव."

वाराबाबाला पोलिसांनी चाकासकट नेलं. टेकडीवर आता दुसरा बाबा बसतो. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी घोंगडी उचला. कुत्रं चावलं तर एस.टी. धरा.

गुरुजी आणि जानरावनं तहसीलदारांना अर्ज दिला आहे: जप्त केलेला पंखा गावच्या दवाखान्यास मिळावा, त्यास उन्हाची पाटी जोडून मिळावी, तसेच अर्जदाराच्या मुलीस कुत्रे चावले तो सोमवार, वाशीमच्या सकाळच्या एस.टी.सह, परत मिळावा, ही नम्र विनंती.