मागे राहिलेली

मदिनेतल्या उहुद डोंगराच्या पायथ्याशी यात्रेकरूंची गाडी रिकामी झाली, तेव्हा चालक अव्वादला कळलं, की मागच्या बाकावरची सुदानी म्हातारी गाडीत नाही. तिचा मुलगा मुन्तसिर समजत होता की ती बायकांच्या गाडीत बसली; बायका समजत होत्या की ती मुलाबरोबर आहे.

मुन्तसिरला घेऊन अव्वादने गाडी परत आधीच्या थांब्याकडे, सला डोंगराकडे हाणली. खंदकाच्या लढाईच्या जागेवरच्या मशिदी यात्रेकरूंना दाखवण्यात त्याची उभी हयात गेली होती; माणूस कधी मागे राहिलं नव्हतं. पोचताच मुन्तसिर वरच्या फत्ह मशिदीच्या पायऱ्या चढत धावला. अव्वाद खालच्या, सलमानच्या छोट्या मशिदीत शिरला.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. चपला दारात नव्हत्या; तिने त्या पदराखाली धरल्या होत्या. वाट चुकलेलं माणूस चपला लपवत नाही.

"खाला, चला. पोरगा रडकुंडीला आलाय."

"त्याला सांग, सापडली नाही."

"असं कसं सांगू?"

ती म्हणाली, "गावी मेले, तर मला नवऱ्याशेजारी पुरतील. जन्मभर मार खाल्ला बाबा त्याचा. आता कयामतीपर्यंत त्याचा शेजार नको. इथं बेवारशी म्हणून कुठंही पुरा."

मदिनेतच मरण यावं म्हणून रडणारे त्याने खूप पाहिले होते. पण ते ओढीने रडत. असं भिऊन मातीत जागा शोधणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

मागे धाप ऐकू आली. मुन्तसिर दारात उभा होता. बापाच्या कबरीशेजारची जागा त्यानेच आईसाठी राखली होती.

"कधी बोलली नाहीस, आई."

"तुझा बाप होता तो."

तो आईसमोर बसला. असरची, दुपारनंतरच्या नमाजाची, बांग झाली, माणसं येऊन रांगेत उभी राहू लागली, तरी त्याला उठवेना. शेवटी म्हणाला, "आजीच्या, तुझ्या आईच्या कबरीजवळ जागा आहे. तिथं?"

म्हातारीने त्याला नीट न्याहाळलं.

"तुझ्या बहिणीला सांग, तीही साक्षीला हवी. आत्ता, माझ्यासमोर."

तिच्यासह बाहेर येऊन त्याने फोन लावला. बापाचा मार, आईची नवी जागा, सगळं सांगितलं. ते संपल्यावरच म्हातारी गाडीत चढली.

उहुदला ताटकळलेले लोक चिडले होते. अव्वादने टायर बसल्याचं सांगितलं, आणि एसीच्या गार वाऱ्याची झडप म्हातारीकडे वळवली.