परदेशी आवाज

"बंद करा तो स्पीकर. पत्र्याच्या पिंपात गोटे ओतल्यासारखं वाजतंय," मास्तर म्हणाले आणि मांडीवरची गिटार त्यांनी काउंटरवर ठेवली.

वाद्यांच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्यानं गिटार आपल्याकडे ओढली. सकाळपासून त्यानं झाळून दाखवलेला हा तिसरा पिकअप. पहिला मास्तरांनी सर्दी झालेला ठरवला होता आणि दुसरा शाळेच्या घंटेचा सख्खा भाऊ.

मास्तर हॉटेलातल्या जेवणघरात रोज संध्याकाळी गिटार वाजवत. सोबतचा ड्रमवाला त्यांच्या मते डबे बडवत होता, गाणारा माइक गिळत होता आणि ऐकणारी मंडळी तोंडात घास धरून माना डोलावत होती. सूर कळणारे या शहरात दोनच कान होते आणि दोन्ही मास्तरांचे होते. त्यांचं सगळं नाव एकाच गोष्टीवर उभं होतं: त्यांच्या गिटारीचा तो जाड, उबदार, किंचित घोगरा आवाज. तो आवाज देणारा, गिटारीच्या तारांखाली बसवलेला, चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळलेला पिकअप परवा वाजवता वाजवताच मेला होता.

"जुनाच परत गुंडाळून द्या ना," मास्तर म्हणाले.

"बघतो उघडून." दुरुस्तीवाल्यानं मेलेल्या पिकअपचं झाकण काढलं आणि तो आत बघतच राहिला. "मास्तर, तुम्ही तर परदेशी म्हणायचात. ही सुती फीत आपले मोटरवाले लावतात. आणि वार्निशचा वास बघा, पंख्याच्या दुकानात आल्यासारखं वाटतं."

"परदेशात पंखे नसतात का?" मास्तर गुरकावले.

"असतील. पण ही गुंडाळी हाताची आहे, कशीही फिरलेली. मशीनवर अशी व्हायची नाही, आणि नीट केली तर तो आवाज येईलच असं नाही."

मास्तरांनी तो पिकअप त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला.

फिरलेली आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तीस वर्षांपूर्वी, परदेशी वस्तू नुसत्या चित्रात बघायच्या त्या दिवसांत, थोरल्या भावानं तो गुंडाळून दिला होता. दादाचं मोटर गुंडाळायचं दुकान होतं. त्यानं मोठ्या हौसेनं आणून दिला तेव्हा मास्तर म्हणाले होते, "काय हे वेडंवाकडं! तुझ्या हाताला वळण म्हणून नाही." दुसरं काही नव्हतं म्हणून बसवला. पहिल्याच संध्याकाळी काटे-चमचे थांबले. कुणीतरी येऊन विचारलं, हा आवाज कुठला? पंखे दुरुस्त करणाऱ्या भावाचं नाव काय सांगायचं! "परदेशी आहे," मास्तर बोलून गेले. खोटं एकदा जन्माला आलं की त्याला पोसावं लागतं. मास्तरांनी ते चांगलं बाळसेदार केलं. पुढेपुढे तर ते माइकवरून सांगू लागले.

दुपारी ते दादाकडे गेले.

"वाट चुकलात का भाऊजी?" दार उघडत वहिनी म्हणाल्या. त्यांचं बोलणं पहिल्यापासूनच असं टोचरं, मास्तरांना वाटलं. घरात अजून तोच वार्निशचा वास. दुकान बंद करून किती काळ लोटला, पण माणसं काही बदलत नाहीत.

दादा खिडकीशी बसला होता. मास्तरांनी पिकअप त्याच्यापुढे ठेवला.

"मेली वाटतं गुंडाळी," दादा म्हणाला.

"परत करून दे. अगदी तशीच हवी. वेडीवाकडी."

"तशीच कशी करू? त्या दिवशी खांदा दुखत होता, म्हणून तशी झाली. तू बोललास ते बरोबरच होतं." दादानं उजवा हात वर केला. बोटं थरथरत होती. "आणि आता तर चहाचा कपसुद्धा ही धरते. केसाएवढी तार कोण धरणार?"

मास्तर चिडले. ऐन गरजेच्या वेळी हा माणूस असाच निरुपयोगी! "मग मी काय करू?"

"पण ही तर परदेशी ना?" दादानं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?" मास्तरांनी विचारलं.

"तुझ्या हॉटेलात आलो होतो एकदा. भटारखान्यातला पंखा बसवायला. तू माइकवर सांगत होतास. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात ग्रीसनं भरले होते, म्हणून जरा हळूच."

"मला सांगितलं नाहीस कधी."

"काय सांगायचं? पंखा आवाज न करता फिरायला लागला आणि मी घरी आलो."

मास्तरांनी आयुष्यभर पुष्कळांना तुच्छ लेखलं होतं. स्वतःची किळस मात्र त्यांना पहिल्यांदाच आली, आणि ती कुठे ठेवायची ते त्यांना कळेना.

"आता खरी परदेशी घे," दादा म्हणाला. त्यात राग नव्हता. "खोटं बोलायचं तेवढं एक काम कमी होईल." मग त्यानं मेलेला पिकअप उचलला, त्यावरची धूळ फुंकली आणि दोन-तीनदा नेम चुकून तो सदऱ्याच्या खिशात टाकला. "हा राहू दे माझ्याकडे. तुझ्या काय कामाचा?"

मास्तरांनी दुकानात जाऊन, न ऐकताच, एक परदेशी पिकअप बसवून घेतला. दुरुस्तीवाल्यानं वाजवून दाखवू का विचारलं, तर ते नको म्हणाले.

संध्याकाळी जेवणघरात त्यांनी पहिलं गाणं वाजवलं. आवाज स्वच्छ होता, नितळ होता आणि कुणाचाही होता. नेहमीचं एक गिऱ्हाईक तोंड पुसत पुढे आलं.

"वा, मास्तर! अजून तोच आवाज! जुन्याला तोड नाही. परदेशी तो परदेशीच, काय?"

"हो," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच खरं बोलले होते.

भटारखान्याचं दार सारखं उघडमीट होत होतं. आतला पंखा अजूनही आवाज न करता फिरत होता. पुढचं गाणं सुरू करायच्या आधी मास्तरांनी आपली खुर्ची जराशी त्या दाराकडे वळवून घेतली.