नावं ठेवायचा धंदा

नागभीडच्या रेल्वे फाटकाजवळ देवराव यांचं भंगाराचं दुकान होतं, आणि त्या दुकानात तारीफ सगळ्यात महाग. पाण्याची चांगली मोटार विकायला आली की ते तोंड वाकडं करायचे. "जळेल दिसते. काय करू मी हिचं?" घ्यायची नसली तर मात्र मोकळेपणाने म्हणायचे, "वा, काय माल हाय! घरीच ठेवा, भाऊ." हव्या असलेल्या वस्तूला नावं ठेवायची. त्यांची मुलगी रंजीता हे अक्षरं गिरवायच्या आधीच शिकली होती.

म्हणून गडचिरोलीच्या कॉलेजात नोकरी लागल्याचं तिने सांगितलं, तेव्हा रद्दीची सुतळी आवळत ते म्हणाले, "लय दूर हाय. आन् जंगलातली बस, आली तर आली." तिला कळलं, बाबांना नोकरी पसंत पडली. एरवी चहा टपरीवरून यायचा. त्या दिवशी त्यांनी स्वतः केला, आलं ठेचून.

"कसा झाला?"

"पाणचट," ती हसून म्हणाली.

ते हसले नाहीत. पातेल्यात डोकावून पुटपुटले, "दूध तं पुरं टाकलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रे उतरवताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांना शेवटचं वंदन करायला, गाव लोटलं. "देवरावभाऊसारखा माणूस नाई," जो तो म्हणत होता. म्हणून झालं की चपला शोधत होता.

मग ब्रह्मपुरीचे भंगारवाले बापूजी, बाबांचे जुने दोस्त, सामान घ्यायला आले. वजनकाट्याला म्हणाले, "गंजला हाय." हातगाडीला म्हणाले, "चाक लचकते." रंजीताने रीतीप्रमाणे घासाघीस केली. दोन्ही वस्तू टेम्पोत चढल्या.

कोपऱ्यातल्या सायकलीवर मात्र बापूजी हात फिरवत राहिले. "हिच्यावरच तुले शाळेत सोडे ना देवराव? चांगली सायकल हाय, बेटा. लय चांगली."

सायकल राहणार, हे तिला तेव्हाच कळलं. तरी ती म्हणाली, "घेऊन जा ना, काका."

"राहू दे," ते म्हणाले, आणि चपला घालू लागले.

टेम्पो फाटकापलीकडे गेला. काटा होता तिथे जमिनीवर फक्त कोरडा चौकोन उरला. रंजीता मागच्या खोलीत गेली. चुलीशेजारी पातेलं घासून पालथं ठेवलेलं होतं, बाबा ठेवायचे तसंच.

"चहा चांगला झाला होता, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "लय चांगला."