पन्नास आपुलकी

वाटी रिकामी परत आली आणि माझं डोकंच फिरलं.

कोलंबीचं कालवण दिलं होतं काठोकाठ, करावे गावच्या पुतळामावशी कोळणीकडून आणलेल्या ताज्या कोलंबीचं. समोरच्या फ्लॅटमधल्या गीतांजलीने वाटी घासूनपुसून कामवालीच्या हाती पाठवली. आत साखरेचा कणसुद्धा नाही. नऊ वर्षांत आमच्या दोन दारांमधून रिकामी वाटी कधी गेली नव्हती. अगदीच काही नाही तर दोन लिंबं तरी असायचीच. पाठोपाठ मोबाइल वाजला: ‘गीतांजलीकडून १५ आपुलकी जमा.’

ही आपुलकी म्हणजे आमच्या सीवूड्सच्या सोसायटीचं टोकन. ॲप आणलं सेक्रेटरी निशांतने. शेजाऱ्याने मदत केली की त्याला टोकन पाठवायचं. साठली की क्लबहाउसच्या भाड्यात सूट. “वहिनी, कोणाचे उपकार नकोत, टेन्शन नको, लगेच क्लिअर!” म्हणे. मेली ती सूट! माझ्या कालवणाचे पंधरा? दीडशे असते तरी मला नको होते.

वाटी घेऊन तशीच समोर गेले आणि बेल दाबली.

“काय गं, मी काय खानावळ चालवते?”

“सुरुवात कोणी केली?” गीतांजलीने शांतपणे विचारलं.

“म्हणजे?”

“तुझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तुला सुट्टी मिळेना. अख्खा दिवस मी बसले त्यांच्याजवळ. घरी येते तर मोबाइलवर पन्नास आपुलकी. तू साधी दारात आली नाहीस, वैशाली.”

त्या दिवशी मी ऑफिसातूनच बटण दाबलं होतं. वर स्वतःवर खूशही झाले होते, की चला, आठवणीने केलं.

“परत घेते,” म्हणत तिथेच ॲप उघडलं. पाठवलेली आपुलकी परत घेता येत नाही, असं लाल अक्षरांत आलं. निशांतला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. खरं तर त्या मलाच लागू होत्या.

गीतांजली दार लावायला लागली. माझे डोळे भरून आले. मी वाटी पुढे केली.

“वाटीभर साखर दे.”

“कालच तर पाच किलो आणलीस. लिफ्टमध्ये पाहिली मी.”

“संपली.”

ती वाटीकडे बघत राहिली. “आणि ॲपवर किती टाकशील?”

“काहीच नाही. राहू दे माझ्या अंगावर.”

तिने वाटी घेतली आणि आत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येईपर्यंत मी उंबऱ्यावरच उभी राहिले.